चेरोकीचा मागचा ॲक्सल बदलायचा आहे: ८.२५ घ्यावा की एक्स्प्लोररचा ८.८?

रॉकीतला_मावळा

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ ची जीप चेरोकी. ४.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एबीएस. पुढचा ॲक्सल डेना ३०, मागचा डेना ३५, दोन्हीकडे ३.५५ चं क्राऊन-पिनियन (मोठ्या आणि छोट्या दातेरी चक्राची जोडी; चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.५५ फेरे, हाच रेशो). तीन इंचांचा लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) आधीच्या मालकाने करून घेतलेला आहे. सध्या टायर ३० इंची.

डेन्व्हरजवळ राहतो. उन्हाळ्यात कोलोरॅडोतले उंच घाट फिरतो. इमोजीन पास (१३,११४ फूट) झाला, ब्लॅक बेअर पास खुणावतोय आणि पुढच्या वसंतात मोआबला (युटातला खडकाळ वाटांचा मुलूख) जायचं नक्की आहे. म्हणून ३३ इंची टायर आणि मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असा बेत आहे. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, की डेना ३५ वर लॉकर लावू नकोस. मग काय लावू, यावर मात्र दहा जणांची दहा मतं.

माझ्यासमोरचे पर्याय असे: दुसऱ्या चेरोकीतून काढलेला क्रायस्लर ८.२५, फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ (हे आकडे क्राऊनच्या इंची व्यासाचे), किंवा आहे त्याच डेना ३५ ला जाड शाफ्ट घालणं. डेना ४४ शोधून पाहिला. १९८७ ते ८९ मधल्या काही चेरोकींना टोइंग पॅकेजबरोबर यायचा, पण आता मिळणं मुश्कील आणि मिळाला तर मालक सोन्याचा भाव सांगतो.

पाने-स्पॅनरचं काम मला जमतं, वेल्डिंग येत नाही. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गिअरपेटी

स्वागत! प्रश्न नीट मांडलात, तेव्हा उत्तरही नीट देतो.

आधी डेना ३५ इतका बदनाम का, ते पाहू. त्याची क्राऊन साधारण ७.५८ इंचांची, शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकाचे दाते), नळ्या बारीक. कारखान्यातून निघालेल्या गाडीला, २८ इंची टायरवर, हा ॲक्सल पुरतो. वर्षानुवर्षं पुरलेला आहे. गणित बिघडतं ते टायर आणि लॉकर एकत्र आले की.

साधा हिशोब करा. चढावर मागच्या चाकांवर समजा २,००० पाउंड वजन आहे. ३३ इंची टायरची त्रिज्या १.३७५ फूट. कोरड्या वाळूखडकावर घर्षणाचा गुणांक साधारण १ धरू. म्हणजे टायर घसरायच्या आधी दोन्ही चाकं मिळून २,७५० फूट-पाउंड टॉर्क पेलू शकतात. ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारी साधी यंत्रणा) दोन्हीकडे सारखीच ताकद पाठवतो, त्यामुळे एका शाफ्टच्या वाट्याला जास्तीत जास्त १,३७५. एक चाक हवेत गेलं तर तिकडे शून्य आणि म्हणून दुसरीकडेही जवळजवळ शून्य. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो.

आता लॉकर लावा. एक चाक हवेत, सगळं वजन दुसऱ्यावर, आणि ते २,७५० एकट्या एका शाफ्टवर. दुप्पट भार. एवढा टॉर्क इंजिन कुठून आणेल असं वाटत असेल तर तेही मोजा. ४.० चा टॉर्क सव्वादोनशे फूट-पाउंडांच्या आसपास, पहिला गिअर २.८०, लो रेंज (अवघड वाटेसाठीचा हळू, जोरकस गिअर) २.७२, मागे ३.५५. गुणाकार सहा हजारांच्या वर जातो. म्हणजे इंजिनाकडे शाफ्ट पिळून टाकण्याइतकी ताकद केव्हाही आहे. मधे सुरक्षेचा झडप म्हणून उभा असतो तो फक्त घसरणारा टायर. मोआबचा खडक टायरला घसरूच देत नाही, आणि म्हणून तिथे ॲक्सल तुटतात. चिखलात टायर फिरतो आणि ॲक्सल वाचतो.

दुसरी गोष्ट, डेना ३५ मध्ये शाफ्ट आतून सी-क्लिपने (सी आकाराच्या अडकवणीने) धरलेला असतो. शाफ्ट मोडला की बाहेरचा तुकडा चाकासकट नळीतून बाहेर सरकायला मोकळा. (८.२५ आणि ८.८ देखील सी-क्लिपवालेच आहेत हे लक्षात असू द्या. फरक एवढाच की त्यांचा शाफ्ट मोडायला खूप जास्त लागतं.)

टायरचं माप, लॉकर आणि तुम्ही जाता ती जागा, या तीन गोष्टी आधी ठरवा. ॲक्सल त्यावरून ठरतो. उलट्या दिशेने निघालात तर पैसे दोनदा खर्च होतात.

भंगारप्रेमी

८.८ बद्दल लिहितो, कारण जंकयार्डात हाच शोधत फिरत असतो.

१९९५ ते २००१ मधली एक्स्प्लोरर शोधा. त्याआधीच्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि २००२ पासून चार दारांच्या एक्स्प्लोररला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तिथे अखंड ॲक्सलच नाही. याच वर्षांतल्या मर्क्युरी माउंटेनिअरमध्येही हाच ॲक्सल असतो, तिकडे लोक बघायला विसरतात. ८.८ इंची क्राऊन, ३१ स्प्लाइनचे १.३२ इंच जाड शाफ्ट, सव्वातीन इंचांच्या नळ्या, डिस्क ब्रेक, आणि चाकाचे पाच बोल्ट जीपच्याच मापाचे, साडेचार इंच वर्तुळावर. म्हणजे तुमची चाकं सरळ बसतात. रुंदी चेरोकीच्या ॲक्सलपेक्षा एकूण इंचभर कमी. रेंजरचा ८.८ मात्र घेऊ नका, तो आणखी अरुंद आणि ड्रमवाला.

ओळखायचा कसा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर ॲक्सलचा कोड. डी४ म्हणजे ३.७३ लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला काही ताकद देणारा डिफरन्शियल), डी२ म्हणजे ४.१० लिमिटेड स्लिप. दार बदललेलं असू शकतं, म्हणून गाडीखाली जाऊन डिफच्या झाकणाच्या बोल्टला लटकणारी पत्र्याची छोटी पट्टी वायर ब्रशने घासा. मळाच्या थराखाली आकडे उमटतात. ३ आणि ७३ च्या मधे एल अक्षर दिसलं की लिमिटेड स्लिप. मधे एल नसेल तर ओपन.

जाताना १२ मिमीचं बारा कोनांचं सॉकेट न्यायला विसरू नका. फोर्डने पिनियनच्या गोल फ्लँजला (दांडा जोडायच्या तबकडीला) तसेच बोल्ट लावलेत, आणि साध्या सहा कोनी सॉकेटने त्यांची डोकी हमखास गोल होतात. हँडब्रेकच्या केबल कापू नका, पूर्ण लांबीच्या काढून आणा. ब्रेकच्या मागच्या पत्र्याच्या थाळ्या गंजल्यात का तेही बघा. हँडब्रेकचे शूज त्यांच्यावरच बसतात.

वाळवंटी_वाट

मावळे, दोन प्रश्न विचारते. ही गाडी हिवाळ्यात आय-७० महामार्गावर चालवता का? आणि घरी दुसरी गाडी आहे का?

विचारायचं कारण असं, की चेरोकीत मागच्या एबीएसचे सेन्सर दोन्ही चाकांपाशी असतात. एक्स्प्लोररच्या ॲक्सलला एकच सेन्सर, तोही डिफच्या डोक्यावर. म्हणजे ८.८ लावलात की एबीएस गेलं. दिवा कायम लागून राहील, ब्रेक साधे लागतील. बिगर-एबीएस चेरोकीचा ८.२५ आणलात तरी तेच. याबद्दल इथे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. मुलंबाळं घेऊन बर्फातून ये-जा करायची गाडी असेल तर मी हा बदल करू नका असंच सांगेन.

लॉकरचंही तेच. ऑटोमॅटिक लॉकर, म्हणजे स्वतःहून जोडला जाणारा, बर्फाच्या रस्त्यावर दोन्ही मागची चाकं एकदम फिरवतो आणि गाडीचं शेपूट बाहेर जातं. आखूड गाडीत तर जास्तच. बर्फाच्या मुलखात राहणाऱ्याने बटणावर चालू-बंद होणारा, हवेचा किंवा विजेचा लॉकर घ्यावा. महाग आहे, पण रस्त्यावर तो बंद ठेवता येतो.

आणि ३३ च का? तीन इंचांच्या लिफ्टवर ३१ इंची टायर नीट बसतो. ३३ साठी साडेचार इंच तरी लिफ्ट आणि चाकाच्या कमानी कापणं आलं. कोलोरॅडोतले तुम्ही लिहिलेले घाट ३१ वर आरामात होतात.

रॉकीतला_मावळा

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर कुठेच वाचलं नव्हतं.

वाळवंटी_वाट ताई, हिवाळ्यात ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. चेरोकी बर्फ पडायला लागला की झाकून ठेवतो. पण लॉकर बटणाचा घ्यायचा हा मुद्दा पटला. ३३ चा हट्ट तपासून बघतो. कमानी कापायची मनापासून इच्छा नाहीच.

एक शंका. माझी गाडी १९९८ ची, मग कारखान्यातूनच ८.२५ का नाही आला? मित्राच्या ९९ च्या चेरोकीला आहे.

भंगारप्रेमी

एबीएसमुळे. त्या काळात एबीएसवाल्या चेरोकींना डेना ३५ आणि बाकीच्या बऱ्याचशांना ८.२५ असा प्रकार होता. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून मागून झाकणं बघा. डेना ३५ चं झाकण लंबगोल, ८.२५ चं जवळजवळ गोल आणि खालची कड सपाट. एकदा नजर बसली की जंकयार्डात वाकायचीही गरज पडत नाही.

सांधेजोड

माझं मत जरा वेगळं आहे.

मी वेल्डिंगच करतो, तरीसुद्धा सांगतो की कापाकापी ही पहिली पायरी असू नये. डेना ३५ ची बदनामी बरीचशी जड पायाच्या लोकांनी केलेली आहे. ३१ चा टायर, हलका पाय, लो रेंज, अडकलं की ॲक्सिलरेटर दाबण्याऐवजी विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र), अशा शिस्तीने चालवणाऱ्याचा हा ॲक्सल टिकतो. शिवाय ३० स्प्लाइनच्या मिश्रधातूच्या शाफ्टचा आणि लॉकरचा संच मिळतो, ज्याला लोक सुपर ३५ म्हणतात. तो घरच्या घरी बसतो. एबीएस राहतं, ब्रेक राहतात, प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) राहतो. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याच्यासाठी हा प्रामाणिक पर्याय आहे.

गिअरपेटी

शिस्तीबद्दलच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. ॲक्सल कुठलाही असो, पाय हलका असलाच पाहिजे.

पण सुपर ३५ च्या बाबतीत माझा ठाम विरोध आहे. शाफ्ट जाड झाले म्हणजे सगळ्यात अशक्त दुवा शाफ्टवरून उठून क्राऊन-पिनियनवर गेला. क्राऊन तीच साडेसात इंची, नळ्या त्याच बारीक, पिनियन तोच. आणि या संचाचे पैसे मोजलेत तर तेवढ्यात जंकयार्डातला ८.८ घरी येतो, त्याचे पॅड-फ्लँजही येतात, वर काही शिल्लक राहतं. एबीएस हा ज्याच्यासाठी निर्णायक मुद्दा आहे त्याने जरूर विचार करावा. मावळ्यांच्या बाबतीत तो मुद्दा आता उरलेला नाही.

खरी निवड ८.२५ आणि ८.८ मध्ये आहे. १९९७ नंतरचा ८.२५ घ्यायचा, त्याला २९ स्प्लाइन. ९६ पर्यंतच्यांना २७. सीमेवरच्या सालाची गाडी असेल तर नुसत्या सालावर विसंबू नका, झाकण उघडून सी-क्लिप काढा, शाफ्ट बाहेर ओढा आणि दाते मोजा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पॅड जागच्या जागी, बोल्ट तेच. फक्त नळी तीन इंची असल्याने यू-बोल्ट आणि खालच्या प्लेटा ८.२५ च्याच लागतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी मात्र तपासून घ्या. वेल्डिंगचा एक टाका नाही. ३१ च्या टायरला आणि रीतसर चालवणाऱ्या माणसाला हा ॲक्सल उत्तम. ३३ ला चालतो, पण तिथे तो त्याच्या मर्यादेच्या जवळ आलेला असतो आणि लॉकरचे पर्यायही ८.८ च्या मानाने कमी.

चाकणकर

धागा फार आवडला. माझ्याकडे थार आहे. आपल्याकडे असा मागचा ॲक्सल बदलून घेता येईल का? कुणी करून देतं का?

घाटमाथा

चाकणकर, करून देणारे सापडतील, पण करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. ॲक्सल आणि ब्रेक हे तर गाडीचे प्राण. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच दाखवेल. आपल्याकडे खरा मार्ग म्हणजे कारखान्यातूनच लॉकर असलेली गाडी घेणं. नव्या थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो, फोर्सच्या गुरख्याला तर पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत. तुमच्या थारमध्ये तो असेल तर सह्याद्रीतल्या वाटांना पुरून उरेल.

आता मूळ विषयावर. कोल्हापूरकडे जीप आणि ट्रक यांच्या डिफची कामं करण्यात आयुष्य गेलं, म्हणून क्राऊन-पिनियनबद्दल दोन शब्द.

ॲक्सल कुठलाही आणा, रेशो बदलणार असाल तर खरी परीक्षा त्या बसवणीत आहे. बाकी सगळं नटबोल्टचं काम. पिनियन किती आत बसला, क्राऊन किती डावी-उजवी, दोन्हींतली मोकळीक किती, हे सगळं शिमच्या कागदासारख्या पातळ चकत्यांवर ठरतं. मोकळीक डायल गेजनेच मोजायची, हाताने हलवून नाही. बहुतेक डिफमध्ये ती इंचाच्या हजाराव्या भागात सहा ते पंधराच्या दरम्यान कुठेतरी असते. तुमच्या ॲक्सलचं नेमकं माप पुस्तकात बघा.

मग दात रंगवायचे. आम्ही शेंदूर तेलात कालवून लावायचो, आता तयार पिवळी पेस्ट मिळते. क्राऊनच्या चार-पाच दातांना लावायची, हाताने ब्रेक धरल्यासारखा अडथळा देत दोन्हीकडे फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत, टोकाशी आला तर फार बाहेर. डावं-उजवं सरकलेलं क्राऊन हलवून सुधारता येतं, उंचीचं मात्र पिनियनखालचा शिम बदलूनच. म्हणजे बेअरिंग पुन्हा काढा, पुन्हा दाबा. चांगला मिस्त्री हे न कंटाळता करतो. ज्याला घाई आहे तो एकदाच बघतो आणि झाकण लावतो, मग पन्नासच्या वेगाला गाडी रडायला लागते. काम कुणाला देणार त्याला ठशाचा फोटो मागा. देतो म्हणाला तर गाडी सोडा.

बसवल्यावर पहिल्या फेरीत पंधरा-वीस मैल सौम्य चालवून पूर्ण गार होऊ द्या. पहिले पाचशे मैल ओढकाम नको. मग तेल बदला. लिमिटेड स्लिप असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरायचं नाही, नाहीतर वळणावर आतल्या क्लचच्या प्लेटा थडथडतात.

रॉकीतला_मावळा

काका, हे छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतो आहे.

इकडच्या एका दुकानात गिअर बसवायची चौकशी केली होती. फोटोचं विचारलं तर "आम्हाला अनुभव आहे" एवढंच उत्तर मिळालं. तिथे देणार नाही.

सांधेजोड, ८.८ साठी नेमकं किती वेल्डिंग लागतं? ते बाहेरून करून घेता येईल का?

सांधेजोड

मी वेगळं मत दिलं खरं, पण करायचंच ठरलं तर नीट व्हावं म्हणून सगळं लिहितो.

पहिलं, नळ्या. फोर्डने नळ्या मधल्या ओतीव हाऊसिंगमध्ये दाबून बसवल्यात आणि ठिपक्यांसारख्या प्लग वेल्डने धरल्यात. जोरात आपट बसली तर नळी हाऊसिंगमध्ये फिरू शकते. म्हणून दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल वेल्ड करून घ्यायची. ओतीव भाग आणि पोलाद यांचा जोड आहे, तेव्हा हाऊसिंग आधी तापवून, इंच-दीड इंचाचे छोटे टाके समोरासमोर घालत जायचं. एकाच बाजूने सलग ओढत गेलात तर नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीत शाफ्टचं बेअरिंग टिकत नाही. वेल्डिंगनंतर हळूहळू गार होऊ द्यायचं. हे सगळं करताना शाफ्ट, सील, तेल आधी बाहेर काढलेलं असलं पाहिजे.

दुसरं, पाट्यांचे पॅड. एक्स्प्लोररचे जुने पॅड आणि शॉकअप्सचे कान ग्राइंडरने कापून काढायचे. चेरोकीच्या अडीच इंची पाट्यांच्या मापाचे आणि सव्वातीन इंची नळीच्या गोलाईचे नवे पॅड विकत मिळतात. ते वेल्ड न करता नुसते नळीवर ठेवून ॲक्सल गाडीखाली लावायचा, यू-बोल्ट हलके आवळायचे आणि गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी करायची. मग पिनियनचा कोन लावायचा.

या कोनात बहुतेक जण फसतात. तुमच्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीला) स्लिप योकच (सरकता जोड) असेल आणि प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल, तर पिनियन आणि ट्रान्सफर केसचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. स्लिप योक काढून, वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा सीव्ही शाफ्ट घातलेला असेल, तर पिनियनचं तोंड सरळ ट्रान्सफर केसकडे, एखाद-दोन अंश खाली. ताकद लागल्यावर पाटे पीळ घेतात आणि पिनियन तेवढा वर येतो, म्हणून ते एखाद-दोन अंश. कोन लागला की पॅड टाक्यावर धरायचे, ॲक्सल खाली काढायचा, मग पूर्ण वेल्ड.

बाहेरून करून घेता येईल. सुटा ॲक्सल फॅब्रिकेशनच्या दुकानात नेऊन टाकला की नळ्या होतील. पॅड मात्र गाडीखाली टाक्यावर धरायला कुणीतरी तुमच्याकडे यावं लागेल.

राहिलेलं पटापट: पिनियनला १३१० किंवा १३३० च्या क्रॉसला जुळणारी बदली फ्लँज, ब्रेकच्या लवचीक नळ्यांचे जोड, आणि ड्रमवरून डिस्कवर जाताना प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणारा). त्यासाठी मागे डिस्क असलेल्या ग्रँड चेरोकीच्या व्हॉल्व्हचे आतले भाग लोक वापरतात. पिनियन मध्यापासून उजवीकडे दोनेक इंच सरकलेला दिसेल, घाबरू नका. चेरोकीत मागचा शाफ्ट लांब आहे, तेवढं चालून जातं.

भंगारप्रेमी

एक महत्त्वाची सूचना, कुणी लिहिली नाही म्हणून. मागे ३.७३ चा ८.८ लावला आणि पुढे ३.५५ तसाच ठेवला तर फोर-व्हील लावायचं नाही. फरक पाचच टक्क्यांचा वाटतो, पण घट्ट जमिनीवर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसची चेन ताणली जाते. पुढे-मागे रेशो एकच हवा.

आता स्वस्तातली युक्ती. चार सिलिंडरच्या २.५ लिटर चेरोकींना पुढे डेना ३० मध्ये ४.१० यायचं. तो अख्खा पुढचा ॲक्सल काढून आणा आणि मागे डी२ कोडचा ४.१० वाला ८.८. दोन्हीकडे कारखान्याची बसवण, क्राऊन-पिनियनला हातही लावायला नको. काकांनी लिहिलेल्या परीक्षेतून सुटका. नुसता गिअर बदलायचा म्हटलं तरी ३.७३ आणि त्यावरच्या रेशोला डेना ३० मध्ये कॅरिअरही (क्राऊन धरणारा भाग) वेगळा लागतो, तेव्हा अख्खा ॲक्सल परवडतो.

गिअरपेटी

भंगारप्रेमींची युक्ती नामी आहे. फक्त टायरशी जुळते का बघू.

नुसत्या प्रमाणाने काढलं तर: मूळ टायर २८.३ इंच, रेशो ३.५५. ३१ च्या टायरला ३.८९ हवा, ३३ ला ४.१४. पण कोलोरॅडोत राहून एवढ्यावर थांबू नका. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. इमोजीनच्या माथ्यावर तुमचं ४.० एक तृतीयांशाहून जास्त ताकद खाली सोडून आलेलं असतं. जड टायर, वर रॅक, आत सामान. म्हणून या डोंगरात हिशोबापेक्षा एक पायरी वरचा रेशो घ्यावा. ३१ ला ४.१०, ३३ ला ४.५६.

हायवेची भीती घालणारे भेटतील. ३१ चा टायर आणि ४.१० घेतलं तर ६५ मैलांना, ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरच्या गिअरमध्ये), इंजिन २,१७० च्या आसपास फिरेल. ३३ आणि ४.५६ ला २,२६०. या इंजिनाला दोन्ही अगदी सुखाचे आकडे आहेत. उलट ३३ वर ३.५५ तसंच ठेवलं तर १,७६० ला ते दमतं, गिअरबॉक्स सारखा ओव्हरड्राइव्हमधून खाली-वर करत राहतो आणि तेल तापतं.

वाळवंटी_वाट

आणि उतरण! त्याबद्दल कुणी बोललं नाही. ब्लॅक बेअरच्या पायऱ्या उतरताना ब्रेकवर पाय कमीत कमी राहावा असं वाटत असेल तर रेशोचा उपयोग चढापेक्षा तिथे जास्त जाणवतो. पहिला गिअर, लो रेंज धरून ३.५५ ला एकूण २७, ४.१० ला ३१ च्या वर. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ब्रेकिंग मुळातच कमी, त्यामुळे हा फरक पायाला कळतो.

रॉकीतला_मावळा

सगळं दोनदा वाचलं, बायकोबरोबर बसून खर्चही मांडला. ठरलं ते असं:

टायर ३१. कमानी कापायच्या नाहीत. मोआबमधली फिन्स अँड थिंग्ज ही वाट ३१ वर करणारे लोक आहेत, हेल्स रिव्हेंजच्या अवघड बाजूवाटा सोडून देईन.

मागे ८.८, शक्यतो डी२. ३१ ला ८.२५ पुरतो हे मान्य. पण मोआबच्या खडकावर लॉकर लावायचाच आहे आणि एकदा खाली हात घातला की पुन्हा घालायचा नाही. उद्या मुलगा मोठा होऊन ३३ लावायचं म्हणाला तरी ॲक्सल तोच राहील. पुढे चार सिलिंडरवाल्या चेरोकीचा ४.१० डेना ३०. लॉकर आत्ता नाही. लिमिटेड स्लिपवर एक उन्हाळा काढतो, मग बटणाचा लॉकर.

वेल्डिंगसाठी ऑफिसातला एक सहकारी तयार झालाय, शेतावर यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला आहे. सांधेजोड, तुमचा कोनाचा भाग त्याला इंग्रजीत करून पाठवला. तो म्हणाला, लिहिणाऱ्याला काम येतं.

शनिवारी दोन जंकयार्ड बघायचे आहेत. ॲक्सलवर पट्टीच नसेल तर रेशो कसा ओळखायचा?

सांधेजोड

सहकाऱ्याला नमस्कार सांगा. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणलेले परत वापरू नका, आणि पहिल्या शंभरेक मैलांनंतर पुन्हा आवळा.

भंगारप्रेमी

पट्टी नसेल तर: दोन्ही चाकं अधांतरी असली पाहिजेत, गिअर न्यूट्रलला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप आहे आणि त्याचे क्लच अजून जिवंत आहेत. उलट फिरलं तर ओपन, किंवा क्लच संपलेले.

रेशोसाठी टायरवर आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण करा. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही चाकं बरोबर फिरवत एक पूर्ण फेरा द्या आणि फ्लँजचे फेरे मोजा. चारच्या किंचित पुढे गेले तर ४.१०, पावणेचारला थांबले तर ३.७३. एका फेऱ्यात हा फरक नजरेला फसवतो, म्हणून दहा फेरे द्या. ४१ आले की हवा तो सापडला. ओपन असेल तर एक चाक कुणालातरी घट्ट धरायला लावून दुसऱ्याला वीस फेरे द्या, आकडा तोच येतो.

झाकण उघडून द्यायला तयार असतील तर क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले असतात, ते सगळ्यात खात्रीचं. तेल चमचमणारं, धातूच्या चुऱ्याचं निघालं तर तो ॲक्सल तिथेच सोडा. आणि पैसे देण्याआधी परत घ्यायची मुदत किती ते पावतीवर लिहून घ्या.